विकणे आहे

आमच्या टिटवाळ्याला माणसे येतात ती हरवलेले परत मिळावे म्हणून. कण्वमुनींचा आश्रम इथेच होता, शकुंतलेने इथल्याच गणपतीची आराधना केली आणि दुरावलेला दुष्यंत तिला परत लाभला, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे कुणाचे लग्न जमावे, कुणाचा मोडलेला संसार सांधावा, यासाठी अंगारकीला पहाटेपासून कल्याणच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक गाडीतून माणसांचा लोंढा स्टेशनात उतरतो. अशा गावात जन्म काढलेल्या माणसाने घरातल्या वस्तू बाहेर काढण्याच्या उद्योगाला लागावे, हे तसे उफराटेच.

पण कालिदास वाचलेला मास्तर स्वतःची समजूत कशीही घालू शकतो. शाकुंतलात दुष्यंताला आठवण होते ती अंगठी पाहून, आणि अंगठी त्याच्यापर्यंत पोहोचते ती एका कोळ्यामुळे. माशाच्या पोटात सापडलेली ती अंगठी त्याने बाजारात विकायला काढली आणि राजाचे नाव कोरलेला दागिना याच्याजवळ कसा, म्हणून शिपायांनी त्याच्या मुसक्या बांधल्या. बिचाऱ्याचे चुकले ते इतकेच, की कोणती वस्तू कुठे विकायला न्यावी हे त्याला उमगले नाही. पुढे राजाने अंगठीच्या मोलाइतके बक्षीस दिले, तेव्हा त्यातला अर्धा वाटा कोळ्याने त्या शिपायांच्याच हातावर ठेवला. मधल्या माणसाची दलाली ही इतकी जुनी आहे!

माझ्यावर ही पाळी आली ती यंदाच्या उन्हाळ्यात. आमची इमारत पुनर्विकासात निघाली आणि मेअखेर जागा रिकामी करून द्यायची ठरली. नवी जागा मिळेपर्यंत राहायला जे घर मिळाले ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेले आणि दोन खोल्यांचे. सामानाची यादी करायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की चाळीस वर्षांत आमच्या घरात आलेली एकही वस्तू बाहेर गेलेली नाही. बारीकसारीक गोष्टींची वासलात हिने लावली. प्रश्न उरला तो तीन गोष्टींचा. एक, गोदरेजचे आरशाचे लोखंडी कपाट. दुसरी, आईचे पायाचे शिवणयंत्र. आणि तिसरी, आमच्या अण्णांनी जमवलेले बासष्ट जुने दिवाळी अंक.

“विकून टाका,” ही म्हणाली.

हा शब्द आमच्या घरात नेहमी हलक्या आवाजात उच्चारला जाई. कुणी वस्तू विकायला काढली म्हणजे त्या घरावर काहीतरी ओढवले, असाच त्याचा अर्थ. नकोशी वस्तू कामवालीला द्यावी, गावाकडे पाठवावी, अगदीच झाले तर माळ्यावर टाकून विसरून जावी, विकू नये. याला अपवाद एकच, तो म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचे बोचके घेऊन ती महिन्या-दोन महिन्यांनी जिना चढून येई. तिच्याशी होणाऱ्या व्यवहाराला विक्री म्हणत नसत, कारण त्यात पैसा नव्हता. अण्णांच्या दोन पँटी, माझे आखूड झालेले सदरे आणि एखादी विटलेली साडी, यांच्या बदल्यात एक पातेले किंवा दोन वाट्या. बोहारीण पँट उजेडाकडे धरून बसायच्या जागेची वीण तपासायची. आई पातेले उलटे करून बुडावर टिचकी मारायची. तास-तास हे चाले. दोनदा बोहारीण उठून जिन्यापर्यंत जाई, दोनदा आई दार लोटून घेई, आणि तरीही दोघींना पक्के ठाऊक असे, की सौदा होणार आहे.

आईचे याबाबतीत काही दंडक होते. कपडे एकदम बाहेर आणायचे नाहीत; एकेक काढायचा. चांगले पातेले आवडल्याचे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा दंडक म्हणजे, आपण होऊन आधी भाव बोलायचा नाही. बारावीला अर्थशास्त्रात मला जे शिकवले त्यातले आज काहीही आठवत नाही. आईचे हे दंडक मात्र आठवतात.

आमच्या आजोबांचे शास्त्र आणखी निराळे. ते मुरबाडकडचे. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी ती ठाणे जिल्ह्यात नावाजलेली. आजोबा तिथे बैल घेऊन जात. तिथला सौदा तोंडाने होत नसे. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि आत बोटे दाबून आकडे सांगायचे. भोवती शंभर माणसे उभी असली तरी भाव दोघांतच राहायचा. आजोबा भावाइतकेच माणूसही बघत, असे अण्णा सांगत. बैल नांगराला जुंपणाऱ्याच्याच हाती द्यायचा, मग चार रुपये कमी आले तरी बेहत्तर. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की वस्तू विकणाऱ्या सज्जन माणसाचे लक्षण म्हणून ती माझ्या मनात कायमची बसली. तिने पुढे मला चांगलेच तोंडघशी पाडले. पण ते पुढे.

कुठे विकायचे, यावर घरात सभा भरली. अध्यक्षस्थानी अकरावीतली कन्या. कारण आता बोहारीण, म्हशाचा बाजार आणि नाक्यावरचा भंगारवाला हे सारे एका मोबाइलमध्ये येऊन बसले आहेत, आणि त्यातले कोण कोण हे तिलाच ठाऊक. मीही अगदीच अडाणी नव्हतो. मुंबईत २००० साली ‘बाझी’ नावाचा संगणकावरचा बाजार निघाला होता, तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि जुन्या वस्तूंचा लिलाव घरबसल्या होतो याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटे. २००४ साली ‘ईबे’ या अमेरिकन कंपनीने तो बाजार विकत घेतला, आणि २०१८ साली ‘ईबे’चे भारतातले दुकान बंद पडले. हे मी सभेत सांगितले. कन्या म्हणाली, “बाबा, बंद पडलेल्या दुकानात कपाट कसं विकणार?”

मग तिने चालू दुकानांची ओळख करून दिली. २००६ साली निघालेले ‘ओएलएक्स’ मला नावाने ठाऊक होते. पण ते नाव ‘ऑनलाइन एक्स्चेंज’ या दोन शब्दांवरून आले, हे तिने सांगितले तेव्हा मला आनंद झाला. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. म्हणजे हा बोहारणीचाच धंदा की! नंतर ‘फेसबुक’चा बाजार. मग आमच्या इमारतीचा आणि महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांचा असे दोन व्हॉट्सअ‍ॅप समूह. शिवाय जुन्या पुस्तकांच्या शौकिनांचे वेगळे समूह. आणि शेवटी, ज्याला मोबाइल लागत नाही असा रद्दीवाला. कन्येचा हिशेब सरळ होता. जड वस्तू असेल तर जवळचे गिऱ्हाईक बघावे, कारण कपाटापेक्षा टेंपोचे भाडे जास्त होऊन चालणार नाही. हलकी आणि दुर्मीळ वस्तू असेल तर गिऱ्हाईक कितीही दूरचे असो, टपालाने जाते. आणि ज्याला कुणीच विचारत नाही ते तागडीवर. अकरावीतल्या मुलीने केलेले हे वर्गीकरण पुढे बव्हंशी खरे ठरले, हे मला इथे नमूद केले पाहिजे, कारण घरात मी ते अजून मान्य केलेले नाही.

कपाटाची जाहिरात लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मराठीच्या अध्यापकाला कपाटावर लिहायला बसवल्यावर जे व्हायचे ते झाले. ‘मध्यमवर्गीय कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या सुखदुःखांचे मूक साक्षीदार’ अशी माझी सुरुवात होती. कन्येने सगळे पुसून त्या जागी लिहिले: ‘गोदरेज कपाट, आरसा, लॉकर, दोन्ही किल्ल्या आहेत. टिटवाळा पूर्व.’ किल्ल्यांचा उल्लेख मला सुचला नव्हता, आणि पुढे प्रत्येकाने पहिली चौकशी किल्ल्यांचीच केली.

छायाचित्र काढताना आणखी एक प्रसंग घडला. आरशाच्या कोपऱ्यात आईच्या जुन्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. आंघोळीआधी कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायची, ही तिची सवय. २०११ साली अण्णा गेले आणि तेव्हापासून त्या आठ-दहा टिकल्या तिथेच होत्या. छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून कन्येने त्या खरवडायला घेतल्या. आई शेजारीच बसून लसूण सोलत होती. ती काही बोलली नाही. थांबवले ते मी. टिकल्यांसकट छायाचित्र निघाले.

जाहिरातीत भाव लिहावा लागतो. तो रकाना रिकामा ठेवला तर गाडी पुढे सरकतच नाही. मी आठ हजार लिहिले. आईला हे कळले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “आपणच आधी सांगितलास? मग आता ते खालीच येणार!” आणि तसेच झाले. भराभर निरोप येऊ लागले. ‘आहे का?’ असे विचारून गडप होणारे सर्वांत जास्त. ‘लास्ट किती?’ हा दुसरा वर्ग. यांना पहिला भाव किती याच्याशी काही कर्तव्य नसते. मी प्रत्येकाला ‘महोदय, स. न. वि. वि.’ असे लिहून सविस्तर उत्तर पाठवीत असे. त्यानंतर त्यांचा पुन्हा निरोप येत नसे.

पाचव्या दिवशी मात्र मनासारखे गिऱ्हाईक भेटले. अतिशय अदबशीर बोलणारा माणूस. आपण लष्करात आहोत, कल्याणला बदली झाली आहे, वस्तू पाहायला यायला सवड नाही, पण छायाचित्रावरून पसंत आहे. गाडी पाठवून कपाट नेतो आणि आठ हजार आत्ताच भरतो. विश्वासासाठी त्याने गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्रही पाठवले. मला भरून आले. कपाट देशाच्या जवानाच्या घरी जाणार! मी उत्साहाने घरात सांगितले, तेव्हा आईने एकच विचारले:

“भाव नाही केला त्याने?”

“नाही. आठ म्हणजे आठ.”

“मग तो घेणारा नव्हे.”

हा संशय मला त्या माणसावर अन्याय करणारा वाटला. तेवढ्यात त्याने ठिपक्याठिपक्यांचा तो चौकोनी छाप, म्हणजे क्यूआर कोड, धाडला आणि फोनवर सांगितले, की सर, हा स्कॅन करा, आपला पिन घाला, की पैसे तुमच्या खात्यात जमा. मी चष्मा शोधू लागलो. आई म्हणाली, “पिन म्हणजे काय रे?” मी म्हटले, “आपल्या खात्याची किल्लीच समज.” आईने लसणाचे ताट बाजूला ठेवले. “बोहारीण मला पातेलं द्यायची, तेव्हा माझ्या कपाटाची किल्ली मागायची का?”

एव्हाना कन्या धावत आली आणि तिने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. २०१६ साली हे यूपीआय सुरू झाल्यापासून मी ते रोज भाजीवाल्याकडे वापरतो आहे. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण गोड बोलण्याने ज्ञान झाकोळते. तो लष्करातला नव्हता हे सांगायला नकोच. जवानांच्या नावावर आणि गणवेशावर चालणारा हा जुना डाव आहे, आणि पोलिसांनी त्याबद्दल वारंवार सावध केले आहे. फसलेल्याने १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे म्हणजे पैसे वाटेत अडवण्याची शक्यता राहते. मी न फसल्यामुळे नुसती तक्रार नोंदवली. त्यानंतर आठवडाभर माझी कन्या मला ‘महोदय’ म्हणत होती.

कपाट अखेर गेले ते वासिंदच्या एका नवविवाहित जोडप्याकडे. रविवारी दुपारच्या गाडीने दोघे आली ती मोजपट्टी घेऊनच. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिने लॉकर उघडून पाहिला, दार चारदा उघडमीट केले, मागच्या बाजूला हात घालून गंज चाचपला, आणि चार हजार म्हणाली. मी सहावर आलो. तेव्हा आई खुर्ची ओढून पुढे सरसावली, आणि मला कळले की माझे काम संपले. पुढचा पाऊण तास जे चालले ते मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मुलगी दोनदा उठून जिन्यापर्यंत गेली. आईने दोनदा “बरं बाई” म्हणून दार लोटले. मुलीचा नवरा आणि मी एकमेकांकडे पाहून चहा पीत राहिलो. चार हजार आठशेला तुटले. सौदा ठरल्यावर त्या मुलीने आरशात पाहत बोलता बोलता नखाने एकेक टिकली काढली आणि बोटाने झटकून टाकली. आई तिला कुलपात तेल कधी घालायचे ते सांगत होती. कपाट ज्या टेंपोतून गेले त्याला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात. टिटवाळ्यातून निघायला त्याला दुसरे वाहन शोभलेही नसते.

दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली, इतका जुना अर्थात आमच्याकडे एकही नव्हता. पण दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चे काही होते, ‘मौज’ होते, ‘हंस’ होते, आणि ‘आवाज’चे बरेच होते. अण्णांनी यांतले बहुतेक अंक नवे घेतलेले नव्हते. कल्याणच्या रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेले होते. ते परळच्या एका गिरणीत कारकून. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि अण्णांची गिरणी पुन्हा उघडली नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. अण्णा त्यानंतर मिळेल तिथे हिशेब लिहीत. नवा दिवाळी अंक घेणे ही चैन होती. रद्दीतला अंक चैनीत धरत नसत.

रद्दीवाल्याने साऱ्या गठ्ठ्याकडे पाहिले आणि तागडी काढली. ती मी परत ठेवायला लावली. जुन्या पुस्तकांच्या एका समूहावर यादी टाकली, तेव्हा नागपूर आणि बेळगावपासून विचारणा आल्या. एकाला फक्त दलालांची मुखपृष्ठे हवी होती, चौकटीत लावायला. आतला मजकूर आमच्याकडेच ठेवावा, असे त्याचे म्हणणे. त्याला मी उत्तर दिले नाही. शेवटी डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ स्वतः आले. आल्या आल्या त्यांनी हात धुतले, आणि मगच अंकाला हात लावला. तीन तास बसले. मधूनच हसत, मधूनच एखाद्या कथेचे नाव घेऊन “ही यात होती होय!” म्हणत. सगळ्या बासष्ट अंकांचे नऊ हजार त्यांनी आपण होऊन सांगितले. मग ‘आवाज’चे तीन अंक बाजूला काढून म्हणाले, “यांचे मात्र शंभर-शंभर कमी करतो. खिडक्या गेल्यात.”

मधुकर पाटकरांनी १९५१ साली काढलेल्या ‘आवाज’मधली खिडकीचित्रे जुन्या वाचकांना आठवत असतील. वरच्या पानाला कापलेली खिडकी. तिच्यातून खालच्या पानावरचे जे दिसते त्याने मनात काही भलतेच यावे, आणि पान उलटले की चित्र अगदी सोज्ज्वळ निघावे! आमच्या अंकांत ही दोन्ही पाने खळ लावून घट्ट चिकटवलेली होती. त्यामुळे आमच्या घरी भलते तेवढे शिल्लक राहिले होते आणि सोज्ज्वळ कायमचे बंद झाले होते. अण्णांचा हा सोवळेपणा मला ठाऊक नव्हता. मी त्यांच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली, आणि आठ हजार सातशे घेतले. अंक एका खऱ्या वाचकाच्या घरी गेले याचे मला इतके समाधान वाटले, की मी त्यांना स्टेशनपर्यंत पोहोचवायला गेलो.

याच समाधानाच्या भरात मी शिवणयंत्राकडे वळलो.

ते ‘उषा’चे, बिडाच्या नक्षीदार पायांचे, खाली जाळीचे पायडल आणि चामड्याचा पट्टा असलेले. संप लागला त्या वर्षी आईने ते हप्त्यावर घेतले, आणि परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश, पिशव्या, मिळेल ते शिवले. संपानंतरचे आमचे घर त्या यंत्रावर चालले. मी त्याच्या आवाजात झोपलो आणि त्याच्या आवाजात जागा झालो. याच्यावर मी वर्गातही बोललेलो आहे. तेव्हा हे यंत्र कुणाच्या हाती जावे याबद्दल माझ्या मनात आजोबांचा बैल पक्का होता.

दोन गिऱ्हाइके आली. एक ठाण्याचा तरुण, उपाहारगृह काढीत होता. त्याला वरचे यंत्र नकोच होते. फक्त खालचे पाय. त्यावर काच टाकून कॉफीचे टेबल करायचे. हल्ली अशी टबले शोभेची समजतात म्हणे. पाच हजार देत होता. दुसरी मांड्याची एक बाई. चार घरची शिवणकामे करणारी, अंगावर दोन मुले. तिला यंत्र चालवायला हवे होते आणि तिच्याजवळ अडीच हजार होते. यात विचार करण्यासारखे काय होते? आईने ज्या यंत्रावर मला वाढवले ते कुणा रिकामटेकड्याच्या कॉफीखाली जाऊ द्यायचे? मी त्या बाईला मनातल्या मनात शब्द देऊन टाकला आणि आईला सांगितले.

दोघांनाही आईने एकाच दिवशी बोलावले. बाई आधी आली. आईने तिला यंत्रावर बसवले, कापड दिले, आणि दोन वेळा चालवायला लावले. मग म्हणाली, “बघितलंस? टाके सोडतं. शटल झिजलंय. पायडल जड आहे. तू हे घेऊ नकोस.”

मी चकित झालो. आई तिला सांगत होती, “मोटरचं घे. हप्त्यावर मिळतं. अडीच हजार हप्त्याला भर. पाय वाचतील तुझे.” कात्री मात्र आईने तिला दिली, ती मोठी, काळ्या मुठीची. कात्री फुकट द्यायची नसते म्हणून अकरा रुपये घेतले.

बाई गेल्यावर मी म्हटले, “आई, तिला खरंच गरज होती गं. आणि या यंत्रावर आपलं…”

“आपलं?” आई म्हणाली. “पंधरा वर्षं ते पायडल मारलंय मी. तू बारावी होईपर्यंत. तुला त्याचा आवाज आवडायचा, तू झोपायचास त्या आवाजात. मी जागी असायची. गुडघे गेले ते त्यानंच. चांगलं असतं तर दिलं असतं तिला. माझं दुखणं तिच्या गळ्यात कशाला मारू?”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. एम. ए.ला आत्मचरित्रे शिकवणारा मी, शेजारच्या खोलीतल्या त्या आवाजाबद्दल तिला एकदाही विचारले नव्हते.

ठाण्याचा तरुण आला तेव्हा आई खुर्चीवर ताठ बसली होती. त्याने पाच हजार म्हटले. आई काहीच बोलली नाही. तो म्हणाला, “आजी, जास्तीत जास्त साडेपाच.” आईने मला पंखा बारीक करायला सांगितले. त्याने आपण होऊन सहा केले, आणि वरचे यंत्र इथेच ठेवतो म्हणाला. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली: “वरचंही न्यायचं. मी म्हातारी ते उचलून कुठे टाकू? सात.” तो यंत्राकडे, मग आईकडे पाहत राहिला, आणि त्याने मोबाइल काढला. सात हजार माझ्या खात्यावर जमा झाले, त्याची टिंगटिंग झाली, आणि यंत्र जिना उतरून गेले. मी गॅलरीत जाऊन पाहिले. आईने पाहिले नाही. ती म्हणाली, “पैसे?”

“आले ना, खात्यात.”

“कुणाच्या?”

मी गप्प झालो. संपाच्या वर्षापासून त्या यंत्राने आणलेला पैसा तांदळाच्या, शाळेच्या, औषधांच्या नावाने गेला. तिच्या नावाने कधी राहिला नाही. चपला घातल्या, स्टेशनजवळच्या एटीएमवर गेलो, आणि सात हजार काढून आणून तिच्या हातावर ठेवले. पाचशेच्या चौदा नोटा. तिने बोट ओले करून त्या दोनदा मोजल्या आणि वालाच्या डब्यात तळाशी ठेवल्या. मग झाकण लावता लावता थांबली.

“त्या अंकांचे त्या गृहस्थांनी तीनशे का कापले म्हणालास?”

मी खिडक्यांची हकीकत सांगितली, आणि अण्णा इतके सोवळे असतील असे वाटले नव्हते, असेही म्हणालो.

“त्यांनी नाही रे. मी चिकटवल्या,” आई म्हणाली. “बाहेरच्या खोलीत बायका मापं द्यायला यायच्या, आणि यांचे अंक तिथेच उघडे पडलेले. एकदा एक गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं, परत आलं नाही. मग मी तीन अंकांना खळ लावली. हे चार दिवस बोलत नव्हते माझ्याशी.”

तिने डब्यातून पाचशेची एक नोट काढून माझ्यापुढे धरली. “ते तीनशे माझ्यातून घे. दोनशे परत दे.”

माझ्याजवळ सुटे नव्हते. नव्या घरी येऊन आम्हांला आता काही महिने झाले. दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट पाहत बसलेली आई मला त्या दोनशेंची आठवण करते.